उरलेली हवा

नाकाला चिमटा लावला की माणसं आधी हसतात.
केसरीनाथ नाखवा हसले नाहीत.
चेंदणी कोळीवाडा, वय एकाहत्तर, वजन बावन्न.
व्यवसायाच्या रकान्यात मी ‘निवृत्त’ टाकणार
तेवढ्यात म्हणाले, लिव, निऑन.

पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरा, काका.
आता छातीभर घ्या. घ्या. अजून.
आणि फुंका फुंका फुंका फुंका!
दिवसातून तीसदा ओरडते मी हे
नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खालचा पोहेवाला माझी नक्कल करतो.

त्यांनी फुंकलं ते
दुधावरची साय सरकेल, इतकंच.
पडद्यावर रेघ उठली नाही.
पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच.
जोर, काका, जोर!
त्यांनी चिमटा काढला, शांतपणे टेबलावर ठेवला.
जोर लावला त काच फुटते, बाय.

चाळीस वर्षं, वागळे इस्टेट, एका गाळ्यात
ते दुकानांची नावं वाकवायचे.
ज्योतीवर काच लोळते,
दातांत रबरी नळी,
वळणावर काच खचू लागली
की आत चिमूटभर श्वास सोडायचा.
जास्त झाला तर फुगा,
कमी पडला तर अक्षराचं नरडं आवळतं.
सगळं उलटं लिहायचं,
खाली अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा.

पत्र्यावरची धूळ कशाने झटकायचात?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
तोंडान्.

मग मी भिंतीवरचा तक्ता दाखवला,
खरं तर वेळ नव्हता, बाहेर चार जण बसले होते.
उजवीकडे तीन पाळ्या, डावीकडे दोन,
तिथे हृदयाला बसायला जागा दिलीय.
फुप्फुस स्वतः काही ओढत नाही,
त्याला ओढायला स्नायूच नाहीत.
खालचा पडदा उतरतो, बरगड्या सरकतात,
जागा होते
आणि हवा येते.
आतले फुगे उलगडून अंथरले
तर साडेसातशे चौरस फूट तरी भरतील.
घोडबंदरला टू बीएचके, म्हटलं, कार्पेट.
भिंती मात्र केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या,
पलीकडे लगेच रक्त.

आता हसले.
आमी सहा जन ऱ्हायलो दहा बाय बारान्!
हसण्याचा खोकला झाला,
खोकला बराच वेळ चालला.
मी पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला नाही,
ठेवायला हवा होता.

तिसऱ्यांदा म्हटलं,
काका, ही काच फोडायचीच आहे.
त्यांनी डोळे मिटले.
रेघ ताठ चढली
आणि उतरताना आत खचत गेली,
खाडीचं पाणी ओसरतं तशी, रेंगाळत,
चिखल दिसेपर्यंत.
आकडा मी वाचून दाखवत नाही,
ते डॉक्टरांचं काम.

सगली आली का भायेर?
नाही, म्हटलं, लिटर-सव्वा लिटर आत राहतेच,
कितीही फुंका. तुमच्यात जास्त असेल.
या यंत्राला ती मोजता येत नाही.

हे त्यांना पटेना.
त्यांच्याकडे तर पंप लावून
स्वतःचा फुंकलेला श्वास शेवटच्या कणापर्यंत उपसायचे,
मग वायू भरायचे, मग पेटायचं.
हवा ऱ्हायली का अक्षर कालं परतं.
मी म्हटलं, इथे उलटं आहे,
सगळी गेली तर फुगे चिकटतात,
पुन्हा उघडायला फार जड जातं.
उलटं, ते म्हणाले. उलटंच लिवतात.

जाताना ती पुठ्ठ्याची नळी मागितली.
नियमाने पिवळ्या पिशवीत टाकायची असते.
त्यांनी तिच्यातून ट्यूबलाइटकडे पाहिलं,
एक डोळा मिटून,
आणि खिशात घातली.

संध्याकाळी गोखले रोडला गेले.
सगळीकडे एलईडी, पांढरे, सरळसोट.
एका चष्म्याच्या दुकानावर मात्र, सांगितल्याप्रमाणे,
त्यांची एक पाटी अजून होती,
नारिंगी, किंचित थरथरणारी.
‘ष्मा’ला दोन दिवस लागलेले.
आत त्यांची हवा नव्हती, ती कधीच उपसून टाकलेली.
‘ष’चं पोट मात्र गोल होतं, कुठेही खचलेलं नाही.
मी ते बोटाने हवेत गिरवत होते,
आधी सुलटं, मग उलटं,
तर दुकानदार बाहेर आला,
नंबर काढायचाय का?